राहून गेलेलं आणि लाभलेलं : नारेश्वरचे श्रीरंग अवधूत महाराज

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की गावोगाव गुरुचरित्राची पारायणं सुरू होतात. सात दिवस पोथी, सकाळ-संध्याकाळ आरती, नैवेद्य, आणि बऱ्याच ठिकाणी आरतीनंतर सगळे मिळून दत्तबावनी म्हणतात. दत्तबावनी गुजराती भाषेतली. तरी आपल्याकडच्या कितीतरी आजीबाईंना ती तोंडपाठ असते आणि ती परभाषेतली आहे हे म्हणताना कुणाला जाणवतसुद्धा नाही. ही बावन्न ओळींची प्रार्थना ज्यांनी लिहिली ते श्रीरंग अवधूत महाराज मूळचे आपल्याच मुलखातले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवळे गावच्या वळामे घराण्यातले.

महाराजांच्या कृपेच्या कथा भक्तमंडळींना ठाऊक आहेत. नारेश्वरच्या कडुलिंबाची पानं गोड लागतात ही गोष्टही आपण ऐकलेली असते. पण आज मला त्यांच्या चरित्राची जरा वेगळी बाजू आपल्यासमोर मांडायची आहे. महाराज पंचविशीपर्यंत पांडुरंग विठ्ठल वळामे होते. कॉलेजात शिकले, पदवी घेतली, मास्तरकी केली, पुस्तकं लिहिली, देशासाठी कॉलेज सोडलं. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच त्यांनीही तरुणपणी स्वप्नं पाहिली होती. त्या स्वप्नांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न पडायला कारण आहे. देवळाच्या ओट्यावर आम्ही निवृत्त मंडळी बसलो की बोलणं फिरून फिरून एकाच जागी येतं. कुणाला गवई व्हायचं होतं, कुणाला लष्करात जायचं होतं, कुणाला पुस्तक लिहायचं होतं. मग वडील गेले, बहिणीचं लग्न आलं, घरचं कर्ज आलं आणि मिळाली ती नोकरी धरली. आता सगळं ठीक आहे, मुलं मार्गाला लागली, पेन्शन चालू आहे. तरी मनात एक खातं उघडंच राहिलेलं असतं. माझी उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे जमा-नावे मांडून शिल्लक काढायची हाताला सवय. म्हणून महाराजांच्या चरित्राकडेही तसंच पाहावंसं वाटलं. तरुणपणी काय मागितलं होतं, हाती काय आलं, आणि शेवटी शिल्लक काय राहिली.

गोध्र्याचा पांडुरंग

महाराजांचे वडील विठ्ठलपंत देवळ्याहून गुजरातेत गोध्र्याला गेले ते तिथल्या विठ्ठलमंदिरात पूजेअर्चेसाठी. त्या काळी कोकणातून माणसं पोटासाठी मुंबईला जात, तशी काही गुजरातेतही जात. विठ्ठलपंत आणि रुक्मांबा या दांपत्याच्या पोटी कार्तिक शुद्ध नवमीला, २१ नोव्हेंबर १८९८ रोजी, गोध्र्याला मुलगा झाला. विठ्ठलाच्या देवळात जन्मलेल्या मुलाचं नाव पांडुरंग ठेवलं. पुढे धाकटा नारायण झाला.

पांडुरंग अगदी लहान असतानाची एक गोष्ट चरित्रात येते. दारावरून प्रेतयात्रा चालली होती. हे काय आहे, असं त्यानं वडिलांना विचारलं. मरण काय, जन्म काय, आणि यातून सुटायचं कसं, असे प्रश्नामागून प्रश्न सुरू झाले. विठ्ठलपंतांनी त्याला रामनाम घ्यायला सांगितलं. एवढ्याशा पोरानं ते धरलं ते धरलंच.

मरण लवकरच घरात शिरलं. प्लेगचे दिवस होते. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग गावोगाव पसरत गेला होता. माणसं घरं सोडून रानात राहायला जात. त्या प्लेगात विठ्ठलपंत गेले. परमुलूख, पदरी दोन लहान पोरं, आणि हाती पूजेचं तबक धरणारा घरधनी गेलेला. रुक्मांबा माहेरी-सासरी निघून गेल्या असत्या तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी कष्ट उपसून दोन्ही मुलांना वाढवलं आणि शिकवलं. ही माउली या चरित्रात शेवटपर्यंत आहे, तिला विसरू नका.

आठव्या वर्षी पांडुरंगाची मुंज देवळे गावी झाली. मुंजीनंतर त्याला नरसोबाच्या वाडीला नेलं. तिथे त्याला श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, यांचं दर्शन घडलं. हा मुलगा आमचाच आहे, अशा अर्थाचं काही स्वामी त्या वेळी बोलले असं सांगतात. प्रत्यक्ष सहवास थोडाच मिळाला, पण पांडुरंगानं त्याच दिवशी त्यांना गुरू मानलं. पुढे १९१४ साली स्वामींनी नर्मदाकाठी गरुडेश्वरला देह ठेवला, तेव्हा पांडुरंग अजून शाळकरीच होता. म्हणजे गुरूही गेले, वडीलही गेले. उरली पोथी. पोथी वाच, असा आदेश त्याला झाला आणि शोधता शोधता हाती आलं ते गुरुचरित्र, असं चरित्रकार लिहितात.

अहमदाबादचे दिवस

मुलगा हुशार. संस्कृतवर त्याचं विशेष प्रभुत्व. गोध्र्याचं शिक्षण आटोपून तो कॉलेजात गेला, अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकू लागला. त्या वेळी कॉलेजात जाणाऱ्या गरिबाच्या मुलाकडे साऱ्या घराचे डोळे लागलेले असत. बी. ए. झाला की सरकारी नोकरी, नोकरी लागली की आईचे कष्ट संपले, असा सरळ हिशेब.

तो हिशेब १९२० साली मोडला. गांधीजींनी असहकाराची हाक दिली. सरकारी शाळा-कॉलेजं सोडा, असं विद्यार्थ्यांना सांगितलं. हजारो मुलांनी कॉलेज सोडलं, त्यांत पांडुरंग वळामेही होते. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाची स्थापना झाली. सरकारची मान्यता नसलेलं हे राष्ट्रीय विद्यापीठ. पांडुरंगांनी पदवी घेतली ती या विद्यापीठाची. त्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. तरी घेतली.

नंतर ते अहमदाबादेत राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. संस्कृत शिकणाऱ्यांसाठी त्यांनी गीर्वाणभाषाप्रवेश हे पुस्तक लिहिलं. टॉल्स्टॉयच्या शिक्षणविषयक विचारांवर गुजरातीत लिहिलं. विशी-पंचविशीतला हा तरुण काय काय होऊ शकला असता पाहा. संस्कृतचा मोठा पंडित झाला असता. गुजराती साहित्यात त्याचं नाव झालं असतं. काकासाहेब कालेलकर हेही मराठी घरातलेच, ते त्याच विद्यापीठात होते आणि पुढे गुजरातीतले मोठे लेखक ठरले, हे आपण जाणतोच. किंवा चळवळीत राहून तो पुढारीही झाला असता.

चळवळीचं काय झालं तेही आपल्याला ठाऊक आहे. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याचा प्रकार झाला आणि गांधीजींनी असहकार थांबवला. मार्चमध्ये अहमदाबादेतच त्यांच्यावर खटला चालून सहा वर्षांची शिक्षा झाली. एका वर्षात स्वराज्य, या आशेवर ज्यांनी कॉलेजं सोडली होती त्या पोरांच्या पायाखालची जमीन हलली. काही परत कॉलेजात गेले, काही नोकरीला लागले, काही खेड्यांत जाऊन काम करीत बसले.

पांडुरंगांच्या मनात मात्र लहानपणी दारावरून गेलेल्या त्या प्रेतयात्रेचा प्रश्न अजून तसाच होता.

आईची परवानगी

आईची इच्छा काय होती हे सांगायला चरित्र उघडायला नको. थोरला मिळवता झाला होता. आता सून यावी, घरात पाळणा हलावा. अशा वेळी मुलानं सांगितलं की मला लग्न करायचं नाही, मला ईश्वरभजनात राहायचं आहे. पण त्यानं घाई केली नाही. नारायण शिकून स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत मी घरात आहे, त्यानंतर मला मोकळं करा, एवढंच त्यानं मागितलं. १९२३ साली तशी वेळ आली. पांडुरंगांनी नोकरी सोडली आणि ते बाहेर पडले.

इथे जरा थांबावंसं वाटतं. आपण म्हणतो, संतांना काय, ते सोडून जातात, मागच्यांचं देव बघतो. इथे तसं झालेलं नाही. वैराग्य असूनसुद्धा माणूस थांबला. धाकट्याची सोय लावली, आईची संमती घेतली, आणि मगच निघाला. कर्तव्य बाकी ठेवून निघालेल्याला रानात तरी शांती कुठली मिळणार?

आणि रुक्मांबांनी परवानगी दिली. ती देताना त्यांचं काय झालं असेल! नवरा प्लेगात गेला. मुलाच्या पदवीवर जी आशा लावली होती तिच्यावर असहकारानं पाणी सोडलं. आता मुलगाच निघाला. आपल्या चरित्रग्रंथांत मुलाच्या वैराग्याची पानंच्या पानं असतात, आईच्या वाट्याला दोन ओळी येतात. पण त्या दिवशी खरा त्याग कुणाचा मोठा होता, हे ठरवणं मला तरी जमत नाही.

नारेश्वर

दोनेक वर्षं फिरून १९२५ साली ते नर्मदेच्या उत्तर तीरावर नारेश्वरला आले. हे ठिकाण आज बडोदे जिल्ह्यातल्या करजण तालुक्यात आहे. मियागाम-करजण स्टेशनवर उतरून पुढे गाडीनं जाता येतं. धर्मशाळा, भोजनगृह, मंदिर, सगळं आहे. १९२५ साली यातलं काही नव्हतं. कपर्दीश्वर महादेवाचं जुनं देऊळ, सभोवार रान, आणि आसपासच्या गावांचं स्मशान. दिवसासुद्धा माणूस तिथे एकटं जायला बिचके. साप-विंचू भरपूर. अशा जागी एका कडुलिंबाखाली सत्तावीस वर्षांचा हा पदवीधर लंगोटी लावून बसला. पांडुरंगाचा रंग अवधूत झाला.

तिथे त्यांनी टेंबे स्वामींनी रचलेल्या दत्तपुराणाची एकशे आठ पारायणं केली. मग उद्यापन हवं. आपल्याकडे उद्यापन म्हटलं की ब्राह्मणभोजन, दक्षिणा, दानं. यांच्याजवळ दिडकी नाही. तेव्हा त्यांनी उद्यापन म्हणून एकशे आठ दिवसांत नर्मदेची परिक्रमा पायी पुरी केली. नर्मदेची लांबी सुमारे १,३१२ किलोमीटर. दोन्ही तीर धरले तर २,६०० किलोमीटरच्या वर चाल होते. १०८ दिवसांनी भागलं तर रोजचे चोवीस-पंचवीस किलोमीटर पडतात, तेही डोंगर, झाडी, काटेकुटे तुडवीत आणि मिळेल त्या भिक्षेवर. परंपरेनं ही परिक्रमा तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांत करायची असते. आपण मुंबई-पुणे गाडीनं गेलो तरी दुसऱ्या दिवशी पाय दाबून घेतो.

त्याच नर्मदेच्या वरच्या अंगाला गरुडेश्वरला गुरूंची समाधी. खाली नारेश्वरला शिष्याचं आसन. मधून एकच माई वाहते आहे. गुरू देहानं भेटले ते थोडा वेळ, पण त्यांच्या पाण्यात आपण रोज स्नान करतो, ही भावना त्यांना पुरली असावी.

सदतिसाव्या वर्षी

आता चरित्रातल्या एका तारखेकडे आपलं लक्ष वेधतो. ४ फेब्रुवारी १९३५, माघ शुद्ध प्रतिपदा. महाराज त्या वेळी कलोलजवळच्या सईज या गावी होते. तिथल्या एका गृहस्थाची पत्नी बरेच दिवस पीडेनं त्रासलेली होती. उपाय थकले होते. त्या घरच्या दुःखासाठी महाराजांनी दत्तबावनी लिहिली आणि पाठ करायला दिली.

महाराजांना तेव्हा सदतिसावं वर्ष चालू होतं. गंमत पाहा, टेंबे स्वामी महाराजांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई १८९१ साली गंगाखेडला निवर्तल्या आणि स्वामींनी संन्यास घेतला, तेव्हा त्यांनाही सदतिसावंच वर्ष चालू होतं. गुरू त्या वयात संसारातून संन्यासात गेले. शिष्य त्याच वयात रानातून एका संसारी घराच्या दुःखाकडे वळला. वाटा उलट्या दिसल्या तरी काम दत्ताचंच.

या बावन्न ओळींत काय आहे ते आपण रोज म्हणता म्हणता विसरतो. जंभासुराला मारवून इंद्राला राज्य परत देणारे दत्तात्रेय आहेत. यदु आहे, परशुराम आहे. गुरुचरित्रातला घेवड्याचा वेल आहे, वांझ म्हैस आहे, श्रीशैल्याला नेलेला तंतुक आहे, उठवलेलं प्रेत आहे. अख्खं गुरुचरित्र त्यांनी पदराच्या गाठीत मावेल एवढं करून दिलं. ज्याला सात दिवस पारायणाला बसणं जमत नाही, ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, ज्याला संस्कृत येत नाही, त्याला पाच-सात मिनिटांत म्हणता यावं असं.

हे कुणी केलं? ज्याला संस्कृत पुस्तक लिहिता येत होतं आणि टॉल्स्टॉय समजत होता त्या माणसानं. पंडितांनी मान डोलवावी असं काही तो लिहू शकत होता, आणि संस्कृत स्तोत्रं त्यांनी लिहिलीही, रंगहृदयम् या संग्रहात ती आहेत. पण लोकांच्या ओठांवर कायमची बसली ती ही साधी बावनी. चूल पेटवताना, आजाऱ्याच्या उशाशी बसताना, परीक्षेला निघालेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवताना म्हणायची.

तरुणपणी लेखक होण्याचं स्वप्न असेल तर ते असं पुरं झालं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव छापून येण्याऐवजी ते शब्द लाखो घरांच्या देवघरांत जाऊन राहिले. म्हणणाऱ्यातल्या निम्म्यांना लिहिणाऱ्याचं नावही ठाऊक नसतं. याचा लेखकाला सल वाटला असता, महाराजांना त्यातच आनंद होता.

आई परत आली

पुढे नारायण ऐन तारुण्यात गेला. ज्याच्या भरवशावर थोरल्यानं घर सोडलं होतं तो आधारच तुटला. रुक्मांबा एकट्या पडल्या.

संन्याशाला कसली आई आणि कसला भाऊ, असं म्हणून महाराज नारेश्वरला बसून राहिले असते तर शास्त्राचा आधार काढून देणारे पुष्कळ निघाले असते. घर सुटून बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. नाव वाढत होतं, भक्त येत होते. लंगोटीवाल्या अवधूताच्या आश्रमात म्हातारी आई हे दृश्य कुणाला रुचलंही नसतं. पण महाराजांनी आईला नारेश्वरला आणलं. आद्य शंकराचार्यांनी संन्यासी असूनही आईचा अंत्यसंस्कार स्वतः केला, अशी कथा आपण ऐकतो. महाराजांच्या वाट्याला आईची सेवा कितीतरी वर्षं आली, आणि त्यांनी ती साधना समजून केली. आईला आधी नमस्कार, मग बाकी सगळं. आलेल्या भक्तांनाही ते आईच्या दर्शनाला पाठवीत.

मला हा प्रसंग साऱ्या चरित्राचा कणा वाटतो. तरुणपणी माणूस दोनच वाटा पाहतो. एक तर घर, नाहीतर ध्येय. घर धरलं त्याला ध्येय सुटल्याची खंत, ध्येय धरलं त्याला घर सोडल्याची बोच. महाराजांनी विशीत घर सोडलं तेव्हा त्यांच्याही मनात एकट्यानं तप करण्याचंच चित्र असणार. चाळिशीच्या उंबरठ्यावर देवानं ते चित्र बदललं. घरच चालत दाराशी आलं. त्यांनी ते विघ्न मानलं नाही, प्रसाद मानला. एकमेकांच्या ठायी देव पाहा, ही जी शिकवण ते पुढे आयुष्यभर देत राहिले, ती त्यांनी आधी आईच्या खोलीत जगून दाखवली होती.

आणि रुक्मांबांचं काय? त्यांना हवी होती सून, हवी होती नातवंडं. ती मिळाली नाहीत. दोन मुलांपैकी एक डोळ्यांदेखत गेला. हे दुःख कुठल्याही पालखीनं, कुठल्याही जयजयकारानं भरून निघत नाही, आणि भरून निघालं असं मी म्हणणार नाही. पण उतारवयात थोरला जवळ होता, रोज पायांवर डोकं ठेवत होता, आणि नर्मदाकाठी येणारा प्रत्येक जण त्यांना आई म्हणत होता. त्यांच्या पश्चात महाराजांनी नारेश्वरला त्यांचं स्मारक उभारलं, मातृशैल. दत्ताच्या स्थानावर आईचं स्मारक, हे आपल्या संप्रदायात विरळच.

शिल्लक

आता खातं मांडू. शिक्षक व्हायचं होतं. शाळा सुटली, पण पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं नारेश्वरला माणसं शिकायलाच येत राहिली. स्वावलंबन, स्वच्छता, अंगमेहनत, पैशाच्या व्यवहारातला चोखपणा, नामस्मरण, असे सगळे धडे. लेखक व्हायचं होतं. नोकरीबरोबर ती वाटही सोडली, पण दत्तबावनी झाली, अवधूती आनंद हा भजनसंग्रह झाला, आणि गुरुलीलामृत हा दत्तपरंपरेचा गुजराती महाग्रंथ झाला, एकोणीस हजारांच्या वर दोहे. त्यात टेंबे स्वामींचं चरित्रही आलं, गुरुऋण फेडलं गेलं. देशसेवा करायची होती. १९३० साली गुजरातच्याच भूमीवर दांडीयात्रा निघाली तेव्हा ते नर्मदाकाठी होते, सत्याग्रहींच्या रांगेत नव्हते. पण स्मशानाचं रान होतं तिथे हजारोंना पोटभर अन्न आणि मनभर धीर मिळेल अशी जागा झाली. त्यांच्या हातून झालेली देशसेवा ती ही.

म्हणजे एकही स्वप्न मागितलं तसं पुरं झालं नाही, आणि एकही वाया गेलं नाही.

समाधान म्हणजे काय, हे इथे कळतं. पुष्कळदा आपण थकव्यालाच समाधान म्हणतो. आता काय करायचंय, झालं ते बरं झालं, असं म्हणून हात टेकतो आणि पोरांच्या, शेजाऱ्यांच्या, सरकारच्या नावानं कुरकुर चालू ठेवतो. ते समाधान नव्हे. ज्याला खरं समाधान आहे त्याची कुरकुर थांबते आणि हात चालू राहतात. महाराजांचे हात शेवटपर्यंत चालू होते. मागितलेल्या वस्तूचं रूप देवावर सोडावं, तिच्यातलं सत्त्व मात्र सोडू नये, असं काहीसं त्यांचं चरित्र सांगतं. गवई होता आलं नाही त्यानं देवळात आरतीला सूर धरावा. पुस्तक लिहिता आलं नाही त्यानं नातवाला गुरुचरित्रातल्या कथा सांगाव्यात. लष्करात जाता आलं नाही त्यानं गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्याचं औषध आणून द्यावं. यात कमीपणा कसला? दत्तबावनीसुद्धा एका घरच्या आजारपणासाठीच लिहिली गेली होती.

आणि ज्यांनी घरच्यांसाठी स्वप्नं बाजूला ठेवली त्यांना तर या चरित्रात मोठाच दिलासा आहे. नारायणासाठी थांबलेली वर्षं महाराजांच्या तपातून वजा झाली नाहीत. आईसाठी दिलेले दिवस साधनेतून कापले गेले नाहीत. दत्ताच्या वहीत ते सगळं जमेच्याच बाजूला लिहिलं गेलं. तुमचं-माझंही तसंच लिहिलं जात असेल, अशी माझी श्रद्धा आहे.

कार्तिक अमावास्येला, १९ नोव्हेंबर १९६८ रोजी, महाराजांनी हरिद्वारला गंगातीरी देह ठेवला. भक्तांनी तो देह नारेश्वरला आणला आणि २१ नोव्हेंबरला नर्मदाकाठी अग्निसंस्कार झाला. १८९८ सालच्या २१ नोव्हेंबरलाच गोध्र्याच्या त्या विठ्ठलमंदिरात पांडुरंग जन्माला आला होता. बरोबर सत्तर वर्षं. एका पैशाचाही फरक न पडता हिशेब जुळला.

या दत्तजयंतीला पारायणानंतर दत्तबावनी म्हणाल तेव्हा क्षणभर त्या तरुण मास्तरांची आठवण ठेवा, आणि त्यांना जाऊ देणाऱ्या व पुन्हा त्यांच्याकडे आलेल्या त्या आईचीही. मग आपलं राहून गेलेलं जे काही असेल ते दत्तचरणी ठेवून मोकळे व्हा. ठेवताना ओझं वाटेल, उठताना वाटणार नाही.

श्रीदत्तार्पणमस्तु.